सात तुकडे आणि एक चौक

झुरळाचं डोकं कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात काही मिनिटं उकळलं, की सांधे सैल होतात. मग ते पाण्यात धुवायचं, काचपट्टीवर ठेवायचं, डाव्या हातातल्या सुईनं दाबून धरायचं आणि उजव्या हातातल्या सुईनं तोंडाचा एकेक भाग मुळापासून मोकळा करायचा. आधी वरचा ओठ निघतो, झडपेसारखा. त्याच्याखाली दोन जबडे, काळपट तपकिरी, आतल्या कडेला दाते असलेले. हात जरा जड पडला तर काम इथंच बिघडतं. जबड्यांच्या मागं दोन उपजबडे, प्रत्येकाला पाच पेरांची एकेक मिशी. त्यांच्यामागं खालचा ओठ, त्याच्या दोन मिश्या तीन-तीन पेरांच्या. आणि या सगळ्यांच्या मधोमध जिभेसारखा एक मऊ उंचवटा, ज्याच्या बुडाशी लाळेची नळी उघडते. ग्लिसरिनचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, आणि भिंगाखाली मोजायचे: सात तुकडे.

हे काम मी आधी विद्यार्थिनी म्हणून केलं आणि पुढं तीस वर्षं प्राणिशास्त्राची शिक्षिका म्हणून मुलांकडून करून घेतलं. आता महाविद्यालयांमधली विच्छेदनं बंद झाली आहेत आणि तो निर्णय मला मनापासून पटतो. पण ते सात तुकडे ओळीनं मांडलेले पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, ते चित्रं दाखवून उमटत नाही, हेही मी पाहिलं आहे. हे पुस्तक लिहायचं एक कारण ते.

दुसरं कारण माझ्या घरातलं आहे. आठ वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात हळूहळू परत आला, पाय आला, पण पाणी पिताना ठसका लागायचा तो थांबेना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांच्या नाकातून एक बारीक दुर्बीण आत सोडली आणि पडद्यावर मला त्यांचा घसा दाखवला. ओला, गुलाबी, सतत हलणारा. मधे स्वरयंत्राचे दोन पांढरे पडदे. हिरवा रंग मिसळलेलं पाणी चमच्यानं तोंडात घातलं; ते जिभेच्या मुळाशी येऊन क्षणभर साचलं, आणि गिळण्याची क्रिया सुरू व्हायच्या आत त्यातली एक धार त्या दोन पडद्यांमधून श्वासनलिकेकडे घसरली. ठसका नंतर आला, उशिरा. इतकी वर्षं किड्यांची तोंडं उघडून दाखवणारी मी, आणि माणसाच्या घशात अन्नाची वाट नि श्वासाची वाट एकमेकींना अशी छेदून जातात हे पुस्तकात वाचूनही मला खऱ्या अर्थानं माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी झुरळाची जुनी काचपट्टी काढली आणि ती त्या पडद्यावरच्या दृश्याशेजारी मनात ठेवून बघत बसले. पुस्तकाची सुरुवात तिथं झाली.

किडा आणि माणूस यांची तोंडं शेजारी ठेवली की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की ही दोन्ही तोंडं मुळात तोंडं नव्हती. किड्याचं तोंड पायांचं बनलं आहे. आपले जबडे आणि घसा ज्या कमानींतून घडतात, त्याच कमानींपासून माशाचे कल्ले घडतात. आणि ज्यानं त्यानं जे हाताशी होतं त्यातून तोंड घडवलं, त्यामुळे कुणाला काय करता येतं आणि कुणाला कशाचा धोका आहे, हे फार पूर्वीच ठरून गेलं आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांमध्ये मी हेच सांगत आले आहे.

पायांची गोष्ट आधी. ती ज्यानं उलगडली त्याचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. ज्यूल-सेझार साविन्यी हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ. नेपोलियननं 1798 मध्ये इजिप्तवर स्वारी केली तेव्हा सैन्याबरोबर अभ्यासकांचा जो ताफा नेला, त्यात विशीतला साविन्यी होता. तिथून आणलेले असंख्य कीटक, खेकडे, गोगलगायी तो पुढं वर्षानुवर्षं भिंगाखाली बघत बसला. त्या काळी फुलपाखराची सोंड, माशीचा पंप, ढेकणाची सुई आणि भुंग्याचा जबडा ही चार वेगळी यंत्रं मानली जात. साविन्यीनं 1816 मध्ये दाखवून दिलं, की भाग तेच आहेत, क्रमही तोच आहे. कुठं ते लांबले, कुठं आखडले, कुठं एकमेकांना चिकटले, एवढाच फरक. आणि खेकड्याच्या तोंडाशी असलेले पाय पाहून तो पुढची पायरी चढला: किड्याचे जबडे हेही अशाच अवयवांच्या जोड्या आहेत. डार्विनचा ग्रंथ यायला अजून 43 वर्षं होती. पुढच्याच वर्षी साविन्यीचे डोळे बिघडले आणि काही वर्षांत तो जवळजवळ आंधळा झाला. आयुष्याची उरलेली वर्षं त्यानं अंधारात काढली. झुरळाच्या तोंडाचे तुकडे मोजताना मला तो नेहमी आठवतो. इतकं बारीक पाहणाऱ्या माणसाची दृष्टी जावी याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

जबडा हा पाय आहे हे एकदा ध्यानात आलं की बऱ्याच गोष्टी आपोआप जुळतात. नाकतोडा पान खाताना बघा. त्याचे जबडे आपल्यासारखे वर-खाली होत नाहीत, डावी-उजवीकडून मिटतात, कात्रीसारखे, कारण पाय शरीराच्या दोन बाजूंनाच असतात. खालचा ओठ मधोमध जोडलेला दिसतो, कारण ती मुळातली जोडीच आहे, वाढीत एकरूप झालेली. मिश्यांना पेरं आहेत, जशी पायाला असतात. फळमाशीत एक जनुकीय बिघाड होतो, त्यात तिच्या सोंडेच्या टोकाशी चक्क पाय उगवतात. म्हणजे ती जुनी ओळख पेशींमध्ये अजून आहे. एका जनुकानं ती दाबून धरली आहे इतकंच.

एवढ्या सात तुकड्यांमधून किती तऱ्हेची तोंडं निघाली याची यादी मी इथं देत नाही, पुस्तकाचा निम्मा भाग त्यातच गेला आहे. घरमाशीला जबडेच नाहीत, ती कणावर लाळ सोडते, विरघळवते आणि ओठाच्या स्पंजानं टिपून घेते, म्हणून तिला घन काहीच खाता येत नाही. फुलपाखराची सोंड कोशातून बाहेर येताना दोन सुट्या अर्धनळ्या असते. ओल्या पंखांनी फांदीला लटकलेलं फुलपाखरू ती पुन्हा पुन्हा गुंडाळत-उलगडत दोन भाग एकमेकांत अडकवतं. ते नीट जुळले नाहीत तर फुलं भोवताली असून ते उपाशी मरतं. आणि मिरचीच्या पानांच्या वाट्या करणारा फुलकिडा तर डाव्या-उजव्याचा नियमही मोडतो: त्याचा डावा जबडा तेवढा वाढतो, उजवा झडून जातो. त्या एकाच सुळक्यानं तो पानाला भोक पाडतो.

हे ज्ञान कीटकशास्त्रज्ञांपुरतं आहे असं मात्र कुणी समजू नये. कापसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना तो रसशोषक किडी म्हणतो आणि बोंडअळीला वेगळं धरतो. कृषी सेवा केंद्रात औषध मागताना पोटविष, स्पर्शविष आणि आंतरप्रवाही हे तीन शब्द त्याच्या तोंडी असतात. म्हणजे तो तोंडाच्या रचनेवरूनच किडीची वर्गवारी करतो. पानावर पसरलेलं पोटविष कुरतडणाऱ्या अळीच्या पोटात जाईल, पण पानात सुई खुपसून आतला रस ओढणाऱ्या माव्याला ते लागणारच नाही. त्यासाठी विष रसातच उतरायला हवं. 2002 साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यातलं प्रथिन अळीनं बोंड कुरतडून गिळलं तरच तिच्या आतड्यात काम करतं. बोंडअळी आटोक्यात आली, रसशोषक किडी मात्र तशाच राहिल्या, आणि कालांतरानं गुलाबी बोंडअळीही त्या प्रथिनाला पुरून उरली. ज्यांनी हे सगळं अंगावर सोसलं त्यांना तोंडाच्या रचनेचं महत्त्व मी काय सांगणार?

डासावर मी एक पूर्ण प्रकरण खर्ची घातलं आहे, आणि ते लांबलं याची मला खंत नाही. हातावर बसलेल्या डासाला एकदा तरी न मारता, भिंगातून बघावं. जी दिसते ती सोंड म्हणजे नुसती म्यान आहे, खालच्या ओठाची. आत सहा सुया आहेत: वरच्या ओठाची एक, जबड्यांच्या दोन, उपजबड्यांच्या दोन आणि जिभेची एक. डास चावतो तेव्हा म्यान आत जात नाही. सुया कातडीत उतरत जातात तशी म्यान मागं कोपरासारखी वाकत जाते. उपजबड्यांच्या सुयांना करवतीचे दाते आहेत, त्या आळीपाळीनं पुढं सरकत वाट करतात. वरच्या ओठाच्या नळीतून रक्त वर चढतं, आणि जिभेच्या सुईतल्या केसाहून बारीक नळीतून लाळ खाली उतरते. जाणारी वाट निराळी, येणारी निराळी. रक्त ओढायला डोक्यात दोन पंप आहेत. नराच्या जबड्यांच्या सुया खुरटलेल्या असतात, त्याला कातडी भेदता येत नाही, म्हणून तो फुलांच्या रसावर जगतो.

ती लाळेची वाट किती महत्त्वाची आहे हे भारतातच कळलं. रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत ॲनोफिलीस डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. पण जठरात सापडलेला परजीवी दुसऱ्या माणसाच्या रक्तात जातो कसा? रक्त तर वर ओढलं जातं, खाली येत नाही. उत्तर पुढच्या वर्षी कोलकात्यात मिळालं, पक्ष्यांचा हिवताप वाहणाऱ्या डासांमध्ये. परजीवी जठराच्या भिंतीतून फुटून लाळग्रंथींमध्ये जाऊन बसले होते. म्हणजे ते पोटातून उलटे येत नाहीत. सगळ्या शरीराला वळसा घालून उतरणीची वाट गाठतात. डासाच्या तोंडात एकच नळी असती, तर हिवतापाचा इतिहास काही वेगळाच झाला असता असं मला वाटतं.

आणि मग ते किडे, ज्यांना तोंडच उरलेलं नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. ढिवर कुटुंबांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. त्या अळीची भूक बघण्यासारखी असते. शेवटच्या दिवसांत झाडाखाली शांत उभं राहिलं तर पानं कुरतडल्याचा आवाज येतो आणि लेंड्या पाचोळ्यावर पडताना पावसाच्या थेंबांसारख्या वाजतात. मग ती कोसा विणते. काही दिवसांनी त्या कोशातून तळहाताएवढा, पंखांवर काचेसारख्या खिडक्या असलेला पतंग बाहेर येतो, आणि त्याला खाता येत नाही. तोंडाच्या जागी खुरटलेले काही अवशेष असतात, उपयोगाचे नाहीत. अळीनं साठवलेल्या चरबीवर तो काही दिवस जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते, संपलं. अशा पतंगाचा चेहरा भिंगाखाली पाहिला तेव्हा मला झुरळाच्या सातही तुकड्यांच्या जागा ओळखता आल्या. जागा होत्या.

तोंडातून आत गेल्यावर किड्याचा घसा कुठं जातो, हे शिकवताना वर्गात नेहमी शांतता पसरायची. तो मेंदूतून जातो. किड्याच्या चेतासंस्थेचा मोठा गोळा अन्ननलिकेच्या वर असतो, दुसरा खाली, आणि दोघांना जोडणारे दोर दोन बाजूंनी. या कड्यातून घास खाली उतरतो. पुढं झुरळात अन्न साठवायची पिशवी, आणि तिच्यामागं सहा कडक दात असलेलं जातं. होय, दात घशाच्या पलीकडे. घशाचं अस्तर बाहेरच्या कवचाचंच, त्यामुळे किडा कात टाकतो तेव्हा घशाचं अस्तरही उतरवून टाकतो.

पण सगळ्यात मोठा फरक हा, की या घशातून श्वास जात नाही. झुरळाच्या अंगावर श्वासाच्या छिद्रांच्या दहा जोड्या आहेत, दोन छातीवर, आठ पोटावर. तिथून हवा बारीक नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोचते. डोकं तुटलेलं झुरळ काही दिवस जगतं ते यामुळेही. श्वासासाठी त्याला डोकं लागत नाही. झुरळाला ठसका लागत नाही. त्याच्या घशाखाली उतरलेला घास चुकून श्वासात जाणं शक्यच नाही, कारण दोन वाटा कुठं भेटतच नाहीत.

आपल्या भेटतात. नाक पुढं आणि वर, अन्ननलिका मागं, श्वासनलिका तिच्या पुढं. नाकातला श्वास पुढं यायला हवा आणि तोंडातला घास मागं जायला हवा, म्हणजे दोघांची फुली पडणारच. ही रचना माशांच्या काळातली आहे. पूर्वज माशांच्या घशाच्या खालच्या बाजूला फुगा फुटला, त्याचं फुप्फुस झालं, आणि पाणी सोडून जमिनीवर आलेल्या प्रत्येक कण्याच्या प्राण्याला तो चौक वारशानं मिळाला. बाकीचा घसाही जुन्या सामानातून उभा आहे. गर्भ चौथ्या आठवड्यात असताना मानेपाशी कमानी उमटतात, माशाच्या गर्भात ज्यांचे कल्ले होतात त्याच. पहिल्या कमानीतून जबडा बनतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायखर्टनं 1837 मध्ये दाखवलं, की कानातली हातोडी आणि ऐरण ही हाडंही याच कमानीतून येतात. सरड्याच्या जबड्याचा सांधा ज्या हाडांचा असतो, तीच ही. मागच्या कमानींतून स्वरयंत्राच्या कूर्चा येतात. डाव्या बाजूच्या स्वरयंत्राची नस मेंदूतून निघून सरळ घशाकडे न जाता छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते. म्हणूनच आवाज बसल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या छातीचाही फोटो काढायला सांगतात.

चौकावर रहदारी सांभाळणं हे गिळण्याचं खरं काम. पंचवीसहून अधिक स्नायू सुमारे एका सेकंदात ठरल्या क्रमानं हलतात: टाळूचा मऊ भाग वर उठून नाकाची वाट बंद करतो, श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढं सरकतं, स्वरपडदे मिटतात, जिभेच्या मुळाशी असलेली झडप खाली वाकते, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. गळ्यावर दोन बोटं ठेवून आवंढा गिळा, ते सरकणं हाताला लागेल. तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र मानेत उंचावर असतं, त्यामुळे दूध पिताना त्याचा श्वास फारसा अडत नाही. पहिल्या काही वर्षांत ते खाली उतरतं, जिभेमागं एक उभी मोकळी जागा तयार होते, आणि स्वरांना आकार द्यायला ती जागा फार उपयोगी पडते. स्वरयंत्र खाली उतरणं फक्त माणसात होतं असं पूर्वी मानत. नर सांबरवर्गीय हरणांमध्येही ते खाली असतं हे 2001 मध्ये दाखवलं गेलं, तेव्हा बोलण्याचा सगळा उलगडा त्या एका गोष्टीनं होत नाही. तरी चौक, धोका आणि आवाज एकाच जागी आहेत, एवढं नक्की.

हे मला वडिलांनी शिकवलं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, तीसेक वर्षं त्यांनी पहिलीच्या मुलांना मुळाक्षरं गिरवायला लावली. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे: क-वर्ग घशाशी, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग जीभ उलटी वळवून, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांवर. आतून बाहेर, एकेक पायरी. मराठीनं त्यात स्वतःची भर घातली आहे. 'चार' म्हणताना जीभ टाळूला लागते आणि 'चूल' म्हणताना ती पुढं दातांपाशी सरकते, अक्षर तेच. झटक्यानंतर वडिलांचं बोलणं जड झालं होतं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सुरुवात ओठांपासून केली: प, ब, म. ते आधी आले. मग त, द. 'क' साठी जिभेचं मूळ वर उचलायला हवं, तेच उचलेना. आणि पाणी अवेळी घसरत होतं तेही तिथंच. त्या म्हणाल्या, क म्हणता यायला लागला की गिळणंही सुधारेल, स्नायू तेच आहेत. दरम्यान पाणी बंद, तांदळाची घट्ट पेज आणि नाचणीची आंबील चमच्यानं, हनुवटी छातीकडे झुकवून. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो, घशाला तयारीला वेळ मिळतो. वडील रोज सकाळी व्हरांड्यात बसून बाराखडी म्हणत, पहिलीतल्या मुलासारखी. सगळ्यात शेवटी 'ळ' आला. त्यानंतर आठवड्याभरात ते साधं पाणी प्यायले.

किड्यांना आवाज नाही असं नाही, पण तो घशातून येत नाही. रातकिडा पंख पंखावर घासतो, सिकाडा पोटाच्या बाजूचे पडदे हलवतो. अपवाद म्हणून पाठीवर कवटीसारखी खूण असलेला एक पतंग पुस्तकात आवर्जून घेतला आहे. याची अळी आपल्याकडे तिळाच्या पिकावर सापडते आणि पतंग रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो. हातात धरला तर तो चक्क किंचाळतो, तोंडानं. मध ओढायच्या पंपानंच तो हवा आत ओढतो आणि बाहेर टाकतो, आणि घशाच्या तोंडाशी असलेली पातळ झडप थरथरते. फुप्फुस नाही, स्वरयंत्र नाही, तरी घशातून आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तो पतंग लगेच सोडून दिला होता.

शब्दांबद्दल थोडं. मराठीत घसा, गळा, कंठ आणि मान या चारही शब्दांची कामं वेगळी आहेत. घसा बसतो आणि खवखवतो, गळा दाटतो आणि गातो, कंठ फुटतो, मान मोडते. शास्त्रीय परिभाषेत ग्रसनी वगैरे शब्द आहेत, पण मी शक्य तिथं घसाच लिहिलं आहे. पडजीभ, टाळू, हिरड्या, सुळे, दाढा हे शब्द पुरेसे नेमके आहेत. सुश्रुतसंहितेत तोंडाच्या सात जागा सांगून 65 मुखरोग मोजले आहेत. इतकी बारीक नावं देणाऱ्यांच्या प्रदेशात तोंडाबद्दल बोलायला शब्द कमी पडू नयेत.

शेवटच्या प्रकरणाबद्दल मात्र मला आधीच सांगायचं आहे, कारण ते लिहिताना माझा हात थरथरला. सुपारी सतत गालात धरली की गालाच्या आतलं अस्तर ताठरतं, पांढरं पडतं, तिखट सोसेनासं होतं आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. कर्करोगाकडे नेऊ शकणारा हा आजार आपल्या देशात फार आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे; माझ्या वर्गात तरीही दरवर्षी एखाद-दुसरा मुलगा असा असायचा, की ज्याला जांभई पुरी देता येत नव्हती. उभी तीन बोटं एकमेकांना जोडून तोंडात मावतात का, हे प्रत्येकानं आरशासमोर बघावं. मावत नसतील तर लाज न बाळगता दंतवैद्याकडे जावं, आणि सुपारी त्याच दिवशी सोडावी. हे वाक्य पुस्तकात तीनदा आलं आहे. संपादकांनी एक काढायला सुचवलं, मी काढू दिलं नाही.

पुस्तक वाचताना शेजारी एक आरसा, एक टॉर्च आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग ठेवा. झुरळ मारण्याची गरज नाही. खिडकीत मरून पडलेली माशी, दिव्याखाली सापडलेला पतंग पुरे.

आभार खूप जणांचे आहेत, ते मागच्या पानांवर. एकाचे इथं मानते. आमच्या प्रयोगशाळेत एक मामा होते, परिचर म्हणून लागलेले, दहावीही न झालेले. परीक्षेच्या आधी शेकडो झुरळांची डोकी उकळून देणं हे त्यांचं काम. पहिल्या वर्षी माझ्या हातून जबडा तीनदा मोडला, तेव्हा त्यांनी माझ्या मुठीत सुई नीट धरून दिली आणि म्हणाले, "ताई, ओढू नका. सैल झालं की तेच सुटतं." त्यांनी स्वतः लावलेली एक काचपट्टी निवृत्तीच्या दिवशी मला दिली. कडेनं ग्लिसरिन आटत आलं आहे, लेबलवरची शाई पुसट झाली आहे, पण सातही तुकडे अखंड आहेत. पहिल्या प्रकरणातलं पहिलं चित्र तिच्यावरून काढलेलं आहे.